हळू वाहणं, झिरपणं, चिखल: नेमका इंग्रजी शब्द असा निवडा

मुलं इंग्रजीत वर्णन लिहायला बसली की काहीही हळू वाहिलं तरी ‘फ्लो’ आणि ओली माती दिसली की ‘मड’, यापुढे गाडी सरकत नाही. यादी पाठ करायला लावू नका, वस्तू बघून शब्द निवडायला सांगा.

१. आधी दाटपणा. पाण्याची बारीक धार ओघळत असेल तर ट्रिकल, थेंब टपकत असतील तर ड्रिप. बाभळीच्या सालीतून डिंक येतो, जखमेतून पू येतो, तो दाट आणि संथ. तिथं ऊझ. वाक्यात पुढं बहुधा फ्रॉम येतं: ‘गम ऊझ्ड फ्रॉम द बार्क’.

२. मग वाट. माती, वीट, कापड यांतून मुरत आलं तर सीप. उन्हाळ्यात माठाबाहेर येणारी ओल याचं उत्तम उदाहरण. पाइप फुटून गळलं तर लीक.

३. ओली माती. सोलापूरकडची काळी माती पावसात चपलेला थरावर थर चिकटते, ती मड. पाय रुतून बसतो तो मायर. उजनीच्या कालव्यात साचणारा बारीक गाळ सिल्ट. तळ्याच्या तळाचा लिबलिबीत गाळ मात्र पुन्हा ऊझ, कारण हा शब्द नाम म्हणूनही चालतो.

एक जपा: स्लश हा मुख्यतः अर्धवट वितळलेल्या बर्फाचा शब्द. आपल्या चिखलाला तो लावू नका.