नाक्सोसचा कास्त्रो कसा बघावा

ग्रीसच्या नाक्सोस बेटावर बोटीतून उतरलं की टेकडीवर चढत गेलेली पांढरी घरं दिसतात. माथ्यावर आहे तो कास्त्रो, व्हेनिसच्या मार्को सानुदोने 1207 नंतर वसवलेला कोट. पण लगेच वर पळू नका. बंदराला लागूनच पोर्तारा आहे, तो आधी बघा. इ.स.पू. 530 च्या सुमारास सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या देवळाचा हा संगमरवरी दरवाजा. सूर्यास्ताला इथे जत्रा भरते, म्हणून मी सकाळीच जाते. दगडाचा रंग आणि घडण नीट डोळ्यांत भरून घ्या. या देवळाचे सुटे झालेले चिरे पुढे कोट बांधायला वापरले गेले, त्यामुळे वर गेल्यावर ओळखीचा दगड भेटत राहतो. साध्या ओबडधोबड भिंतीत मधेच एखादा गुळगुळीत, काटकोनी पांढरा तुकडा दिसला की समजायचं, हा मुळातला इथला नाही.

मग जुन्या बाजारातून, कोटाखालच्या बुर्गो वस्तीच्या गल्ल्यांतून चढायला लागा. मोबाईलवरचा नकाशा इथे फारसा कामाचा नाही. दोन माणसं जेमतेम शेजारून जातील अशा वाटा, वर घरांच्या कमानी. चढ असेल तिकडे वळायचं, एवढंच लक्षात ठेवा. पायऱ्या पावलांनी झिजून गुळगुळीत झाल्यात, तेव्हा तळ घट्ट पकडणारे बूट हवेत. हौसेच्या चपला हॉटेलवर ठेवा.

उत्तरेकडच्या त्रानी पोर्ता या दरवाजातून आत शिरा. शेजारी क्रिस्पी बुरूज आहे. 1383 मध्ये सानुदोंच्या वारसांकडून सत्ता घेतलेल्या घराण्याचा. दरवाजाच्या संगमरवरी खांबावर एक उभी खाच कोरलेली आहे. ती व्हेनिसच्या वाराची, म्हणजे कापड मोजायच्या मापाची लांबी. कापड विकायला येणाऱ्याने इथे मापून दाखवायचं, म्हणजे आतल्या बायकांशी लबाडी नको! बहुतेक लोक कमानीचा फोटो काढून पुढे जातात आणि ही खाच राहून जाते. जरा थांबा, बोट फिरवून बघा.

आत गेल्यावर मान वर ठेवा. दारांच्या चौकटींवर बारोत्सी, सोमारिपा वगैरे घराण्यांची कोरीव चिन्हं आहेत. बाहेरच्या कडेची घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, कारण त्यांच्या पाठच्या भिंती हीच तटबंदी होती. म्हणून बाहेरून कोट सलग दिसतो आणि आत नुसती वस्ती वाटते. मधल्या चौकात कॅथलिक कॅथेड्रल आहे. ग्रीस ऑर्थोडॉक्स, पण या कोटात व्हेनेशियन सरदारांचं कॅथलिकपण टिकलं. ग्रीक रयत खाली बुर्गोत राहायची, आणि दोन्हींमध्ये हा दरवाजा.

दुपारी दोन ते पाच इथे जाऊ नका असं मी म्हणणार नाही. उलट तेव्हाच गल्ल्या रिकाम्या असतात. फक्त आवाज खाली ठेवा, ही माणसांची राहती घरं आहेत आणि लोक झोपलेले असतात. उघड्या दारातून डोकावून फोटो काढणं तर नकोच. जुलै-ऑगस्टात मेल्तेमी वारा सुटतो, टोपी सांभाळा.

परतताना आल्या वाटेने उतरू नका. पारापोर्ती नावाचा दुसरा, लहान दरवाजा शोधा. सापडला नाही तर कोणालाही नाव सांगून विचारा, हाताने दाखवतील.