अलॉटमेंट घेताय? आधी इथलं वर्ष समजून घ्या

इंग्लंडात येऊन घर लागलं, मुलांच्या शाळा ठरल्या, की पहिल्याच वर्षी अलॉटमेंटच्या, म्हणजे भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्याच्या, यादीत नाव घाला. ‘आधी नीट स्थिरावू, मग बघू’ म्हणून थांबू नका. मोठ्या शहरांत नंबर लागायला काही वर्षं जातात, काही ठिकाणी तर यादीच बंद करून ठेवलेली असते. बहुतेक ठिकाणी नागरिकत्व विचारत नाहीत, त्या भागात राहत असलात की पुरतं. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की अर्ज कुठे करायचा ते कळतं. काही जागा कौन्सिल, म्हणजे इथली पालिका, स्वतः चालवत नाही, तिथल्या प्लॉटवाल्यांची संघटना चालवते, आणि त्यांची यादी वेगळी असते. तिथे शनिवारी सकाळी जाऊन फाटकाशी भेटेल त्याला विचारलेलं सर्वांत बरं.

मागायला संकोच वाटू देऊ नका. १९०८ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या कौन्सिलांवर मागणी असेल तिथे अलॉटमेंट देण्याची जबाबदारी टाकली आहे. परिसरातल्या सहा मतदारांनी किंवा कौन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी मिळून लेखी मागणी केली, तर कौन्सिलला तिचा विचार करावाच लागतो. लंडनचा आतला भाग तेवढा याला अपवाद.

पूर्ण प्लॉट दहा रॉडचा (रॉड हे जुनं इंग्रजी माप), म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. आपल्या हिशोबाने अडीच गुंठे. ऐकायला थोडा वाटतो, पण दोघंही नोकरी करत असाल तर पहिल्या वर्षी एवढा झेपत नाही. अर्धा मागा, पाव मिळत असेल तर पाव घ्या. पडीक ठेवलेल्या प्लॉटबद्दल पत्र येतं, आणि दखल घेतली नाही तर प्लॉट जातो. आजारपण किंवा बाळंतपण असेल तर आधीच कळवा. मी पाहिलेल्या सगळ्या कमिट्या अशा वेळी समजून घेतात.

हातात येणारा प्लॉट बहुधा कमरेइतक्या गवताचा असतो. सगळा एकदम खणायला घेऊ नका. एक तृतीयांश साफ करा, बाकीचा जाड पुठ्ठे किंवा काळं कापड अंथरून झाका. रोटाव्हेटर भाड्याने आणायचा मोह आवरा. इथलं काउच गवत आपल्या हराळीसारखं जमिनीखालून पसरतं, आणि बाइंडवीड तर चांदवेलीच्याच कुळातलं. मुळांचे जितके तुकडे कराल तितकी नवी रोपं उगवतात. दातेरी फावड्याने (गार्डन फोर्कने) माती सैल करून मुळं अख्खी ओढून काढा. फार वेळ लागतो, कंबर दुखते, पण दुसऱ्या वर्षी त्याचं मोल कळतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे पेरणीचं गणित पावसाशी बांधलेलं. मृग लागला, जमीन भिजली, की पेरा. इथे पाऊस बारमाही, गणित बांधायचं ते फ्रॉस्टशी, म्हणजे रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीशी, आणि उजेडाशी. एप्रिलमध्ये एखादा शनिवार-रविवार असा उबदार निघतो की उन्हाळा आलाच असं वाटतं. दुकानांत टोमॅटोची आणि भोपळ्याची रोपं मांडलेली असतात, नवी माणसं ती आणून लावतात आणि आठवड्याभरात एका रात्रीच्या थंडीने सगळी काळी पडतात. मी मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, राहतो. आमच्याकडे मेच्या मध्यापर्यंत फ्रॉस्टचा भरवसा नसतो, कधीकधी मे संपेपर्यंत. तोवर भोपळा, घेवडा, टोमॅटो, मिरची घरात खिडकीशी कुंडीत वाढवा, मग आठवडाभर दिवसा बाहेर, रात्री आत असं करत सवय लावा. बटाटे मार्चअखेरीपासून लावता येतात. त्याआधी महिनाभर अंड्यांच्या ट्रेमध्ये उजेडात मांडून त्यांना कोंब आणतात.

उजेडाचं गणित याहून नवं. जूनमध्ये इथे साडेसोळा तास उजेड असतो. पालक आणि कोथिंबीर या लांब दिवसांना पाहून थेट तुऱ्यावर जातात, पानं धरतच नाहीत. बी खराब निघालं म्हणून नवं पाकीट आणू नका. एप्रिलमध्ये एक हात पेरा, नंतर थेट जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये. तो दुसरा हात ऑक्टोबरपर्यंत पुरतो. वालपापडीचं याच्या उलट. तिला फुलायला छोटे दिवस लागतात, आणि दिवस छोटे होईपर्यंत थंडी येऊन ठेपते. वेल छतापर्यंत जातो, शेंग मात्र दिसत नाही.

मेथी ही इथली सगळ्यांत मायाळू भाजी. एप्रिल ते सप्टेंबर दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी फोका, महिन्या-सव्वा महिन्यात जुडी तयार. बियाणं भारतीय दुकानातले मेथीदाणेच चालतात, धणेही चालतात, फक्त धणे लाटण्याने हलके भरडून घ्या. मात्र सुट्टीवरून येताना आईने बांधून दिलेली बियांची पुडी बॅगेत घालू नका. पेरणीचं बियाणं परदेशातून आणायला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि हा नियम रोग-किडींपासून इथल्या जमिनी वाचवण्यासाठी आहे. तो पाळायला हवा.

माठ जूननंतर उत्तम येतो. नवलकोल, मुळा, बीट, मटार यांना तर इथली हवा आपल्यापेक्षा जास्त मानवते. मुळा जूनमध्ये फुलावर गेला तर उपटू नका, डिंगऱ्या धरू द्या. त्यांची भाजी इथे कोणत्याही दुकानात मिळणार नाही. ब्रॉड बीन्स नोव्हेंबरमध्ये पेरल्या की जूनमध्ये शेंगा येतात. दाणे उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून सोलले की डाळिंब्यांच्या उसळीची भूक बरीचशी भागते. आंबट चुक्याच्या जागी इथला सॉरेल लावा, एकदा लावला की वर्षानुवर्षं राहतो. आणि ज्याला शेजारी ‘फॅट हेन’ म्हणून तण समजून फेकतात तो आपला चाकवत आहे. पान नीट ओळखता येत असेल तरच घ्या, शंका असेल तर जाणत्या माणसाला दाखवा. ताकातल्या पातळ भाजीला तो अगदी घरच्यासारखा लागतो.

भेंडी, गवार, कारली उघड्यावर येतील अशी आशा धरू नका. त्यांना रात्रीचीही ऊब लागते. पॉलिटनल, म्हणजे प्लास्टिकने झाकलेला मोठा मांडव, असेल तर कारली आणि दुधी येतात, अळूचे कंद कुंडीत लावले तर वड्यांपुरती पानंही मिळतात. पण पहिल्या दोन वर्षांत तरी यांच्या मागे लागू नका. लाल भोपळा लावा. तो शेणखताच्या ढिगाऱ्यावर सोडला की ऑक्टोबरपर्यंत घर भरून टाकतो.

शेणखताबद्दल एक धोक्याची सूचना. घोड्यांच्या तबेल्यातलं खत इथे सहज मिळतं, कधी फुकटही. पण कुरणावर फवारलेल्या काही तणनाशकांचा अंश गवतातून लिदीत आणि लिदीतून खतात उतरतो. असं खत घातलेल्या वाफ्यात टोमॅटो आणि घेवड्याची पानं वाकडीतिकडी होऊन झाड खुरटतं. नवं खत आलं की आधी एका कुंडीत घालून घेवड्याचे चार दाणे लावून पाहा. पानं सरळ आली तरच वाफ्यात घाला.

नुकसान होणार, हे मनाशी धरूनच चला. रानकबुतरं कोबीवर्गाची रोपं एका सकाळीत देठापर्यंत खातात, जाळीला पर्याय नाही. गोगलगायी आणि त्यांचे बिनशंखाचे भाऊबंद, म्हणजे स्लग, पावसाळी मेमध्ये कोवळी रोपं एका रात्रीत संपवतात. त्यांच्यासाठीच्या जुन्या निळ्या गोळ्यांमधल्या मेटाल्डिहाइडवर ग्रेट ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०२२ पासून बंदी आहे. शेडमध्ये आधीच्या भाडेकरूचा डबा सापडला तर वापरू नका. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात. मला स्वतःला रोपं जरा मोठी करून लावणं आणि संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचणं जास्त भरवशाचं वाटतं.

सर्वांत जिव्हारी लागतो तो करपा. जुलै-ऑगस्टमध्ये दमट, उबदार दिवस सलग आले की टोमॅटो आणि बटाट्याच्या पानांवर तपकिरी डाग दिसतात, आणि पाहता पाहता उभं पीक काळं पडतं. १८४५ पासून आयर्लंडमध्ये ज्याने बटाटा नासवून दुष्काळ आणला तोच हा रोग. तो वाऱ्यावर येतो, तेव्हा तुमच्या मशागतीत काही कमी होतं असं मनाला लावून घेऊ नका. बटाट्यावर डाग दिसले की पाला जमिनीलगत कापून काढा आणि दोनेक आठवडे थांबून मग कंद खणा. टोमॅटो हवेच असतील तर ‘क्रिमसन क्रश’सारखी करपा सोसणारी जात निवडा. बटाट्यात लवकर येणारी जात लावा, करपा यायच्या आत ती घरात आलेली असते.

पाणी पुरेल असं गृहीत धरू नका. १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमधल्या कोनिंग्जबीला तापमान ४०.३ अंशांवर गेलं आणि त्या उन्हाळ्यात बऱ्याच भागांत होजपाइपवर बंदी आली. अनेक अलॉटमेंटवर एरवीही होजपाइप चालत नाही, टाकीतून झारीने पाणी घालावं लागतं. शेडच्या छपराखाली पिंप ठेवा, वाफ्यांवर गवताचं जाड आच्छादन घाला.

आणि शेजाऱ्यांशी बोला. अलॉटमेंटचा खरा लाभ मला तिथे दिसतो. बर्मिंगहॅमकडच्या जागांवर पंजाबी, बांगलादेशी, कॅरिबियन आणि इंग्रज म्हातारी मंडळी शेजारी शेजारी वाफे करतात. दुधीचा मांडव कसा उभारायचा ते सिल्हेटी चाचांइतकं नीट कुणी सांगत नाही. जमैकाच्या आजी ज्याला कॅललू म्हणतात तो माठच असतो, आणि त्यांचं बियाणं इथल्या हवेला सरावलेलं असतं. आधी तुम्ही मेथीची जुडी पुढे करा. काही दिवसांत तुमच्या फाटकावर रूबार्बचं रोप किंवा काकड्यांची पिशवी टांगलेली मिळेल. ऑफिसात वर्षभरात होत नाहीत एवढ्या ओळखी इथे एका उन्हाळ्यात होतात. आईवडील भारतातून सहा महिन्यांसाठी आले तर त्यांना इथे नक्की न्या. घरात बसून कंटाळलेली माणसं वाफ्याशी आली की बोलू लागतात, भाषेची अडचण खुरप्यापुढे टिकत नाही.

नंबर लागल्याचं पत्र आलं की सही करण्याआधी प्लॉट पाहून या. नळ किती लांब आहे, शेडला परवानगी लागते का, पाला जाळता येतो का, पाण्याचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे, हे विचारा. माल धंद्यासाठी विकता येत नाही, पीक घरच्या वापरासाठी असतं. पत्र हिवाळ्यात आलं म्हणून नाही म्हणू नका, झाकायला आणि मुळं काढायला तोच काळ चांगला. ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर साफ केलेल्या पहिल्या वाफ्यात लसणाच्या पाकळ्या लावून टाका. त्या थंडीला भीत नाहीत, कबुतरं त्या खात नाहीत, आणि पुढच्या जुलैत काढायला येतात.