रोजच्या मोटारसायकलचं ऑइल: कोणतं घ्यावं, किती भरावं आणि सोबत काय तपासावं

१०० ते १५० सीसीच्या गाडीच्या इंजिनात जेमतेम एक लिटर ऑइल असतं. पिस्टन, क्रँक, टायमिंग चेन, गिअरबॉक्स आणि क्लच प्लेटा या सगळ्यांचं काम त्याच लिटरभरावर चालतं. कारमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं आणि क्लच बहुधा कोरडा. आपल्या गाडीत मात्र क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. म्हणून दुकानात डबा हातात घेतला की ब्रँडच्या आधी मागच्या बाजूला ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (जासो हे जपानी वाहन-मानक) छापलंय का ते बघायचं. याचा अर्थ ते ऑइल ओल्या क्लचसाठी तपासलेलं आहे. एमए२ मध्ये प्लेटांना मिळणारी पकड जास्त.

‘एमबी’ लिहिलेलं ऑइल गिअरलेस स्कूटरसाठी असतं. स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिथे घर्षण कमी करणारी रसायनं चालतात. मोटारसायकलीत तीच रसायनं क्लच प्लेटांवर बसतात आणि प्लेटा घसरायला लागतात. कारच्या पेट्रोल इंजिनाच्या ज्या ऑइलवर ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ किंवा ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ छापलेलं असतं, तेही याच कारणासाठी नको. घाटाच्या चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे ओढत नाही, ही क्लच घसरल्याची खूण. सिंथेटिक ऑइलने क्लच घसरतो हा समज चुकीचा आहे. एमए२ दर्जाचं सिंथेटिक निर्धास्त वापरा. ते भरल्यावर क्लच घसरलाच, तर आधी लिव्हरचा फ्री प्ले (क्लच ओढायला लागण्याआधीची मोकळी हालचाल) बघा आणि मग प्लेटा झिजल्यात का ते तपासून घ्या.

आता ग्रेड. १०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा ऑइल थंड असताना किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं ते. हिरोच्या स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, पल्सर १५० ला २०डब्ल्यू-५०, रॉयल एनफिल्डच्या ३५० ला १५डब्ल्यू-५०. तीन कंपन्या, तीन ग्रेड, कारण प्रत्येक इंजिनातल्या फटी, बेअरिंग आणि ऑइल पंप वेगळे. ‘विदर्भातला उन्हाळा आहे, दाट ऑइल टाका’ असा सल्ला सर्रास मिळतो. १०डब्ल्यू-३० वर बेतलेल्या इंजिनात दाट ऑइल टाकलं की सकाळी स्टार्ट केल्यावर ते वर हेडपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, इंजिन जड चालतं आणि मायलेज घटतं. मॅन्युअलमध्ये तापमानानुसार पर्यायी ग्रेड दिली असेल तरच बदला. डब्यावर ‘एपीआय’ या अमेरिकी दर्जाच्या खुणेपुढची अक्षरं (एसएल, एसएम, एसएन) मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पातळीची किंवा तिच्या पुढची असली की झालं.

रोज वीस-तीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीला कंपनीने सांगितलेलं मिनरल किंवा सेमी-सिंथेटिक पुरेसं आहे. तासन्‌तास हायवे किंवा सतत तापणारं ट्रॅफिक असेल तर सिंथेटिकचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. पण आमचं ठाम मत असं की लहान इंजिनं स्वस्त ऑइलने कमी आणि कमी ऑइलने जास्त मरतात. बहुतेक कम्यूटर गाड्यांना ऑइल कमी झाल्याचा इशारा देणारा दिवाच नसतो. हजार किलोमीटरला १०० मिली जरी जळत असेल, तरी ३००० किलोमीटरला जवळजवळ एक तृतीयांश ऑइल संपलेलं असतं. उरलेलं जास्त तापतं, लवकर पातळ होतं, आणि एखाद्या लांबच्या प्रवासात पिस्टन सीज होतो, म्हणजे जागीच अडकतो. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी आणि लांब जाण्याआधी लेव्हल बघाच.

बघायची पद्धत अशी. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. साइड स्टँडवर वाचन चुकतं. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून परत घाला. हिरो-होंडा घराण्याच्या इंजिनांत ती आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. आटे फिरवून बसवली की पट्टी खोल जाते आणि कमी असलेलं ऑइल पुरेसं दिसतं. काही गाड्यांत काचेची खिडकी असते, तिथे गाडी सरळ उभी धरून दोन खुणांच्या मध्ये बघायचं.

बदलण्याचा दिवस आला की गाडी पाच मिनिटं फिरवून आणा, कोमट ऑइल घाण सोबत घेऊन उतरतं. मेन स्टँडवर लावा, खाली पसरट भांडं ठेवा, वरचं झाकण सैल करा आणि खालचा ड्रेन बोल्ट काढा (होंडाच्या धाटणीच्या इंजिनांत बहुधा १७ नंबरचा पाना). हात जपा, ऑइल अंगावर येतं. धार थांबल्यावर इग्निशन बंद ठेवून किक चार-पाच वेळा मारा, अडकलेलं थोडं ऑइल अजून पडतं. दहा मिनिटं निथळू द्या.

निघालेलं ऑइल बोटावर घेऊन उजेडात बघा. काळं असणं वाईट नाही; ऑइलमधलं डिटर्जंट काजळी धरून ठेवतंय म्हणून ते काळं आहे. चंदेरी चमक किंवा बोटाला लागणारे धातूचे कण दिसले तर मेकॅनिककडे जा. दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे: पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या मारल्या की इंजिन पुरतं तापत नाही आणि ओल आत साठते. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी तर स्टार्टच करू नका, आधी ऑइल काढा.

ड्रेन बोल्टचा वॉशर दरवेळी नवा टाका. बोल्ट पहिले तीन-चार आटे हाताने फिरवून बसवा. क्रँककेस ॲल्युमिनियमचं असतं आणि लांब पान्याने जोर लावला की आटेच निघतात. लहान गाड्यांत टॉर्क साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. फिल्टर असेल तर ओ-रिंगसकट बदला. स्प्लेंडरच्या इंजिनात कागदी फिल्टर नसतो. जाळी आणि फिरता सेंट्रिफ्यूगल फिल्टर उजव्या कव्हरच्या आत असतो. तो साफ करायला कव्हर उघडून नवं गॅस्केट लागतं, म्हणून गॅरेजवाले टाळतात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराला ते काम मागून करून घ्या.

भरताना डब्यातलं सगळं एकदम ओतू नका. काढताना थोडं ऑइल आतच राहतं, त्यामुळे ड्रेननंतरचं प्रमाण आणि इंजिन पूर्ण उघडल्यावरचं प्रमाण वेगळं असतं. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा १०० मिली कमी भरा, इंजिन चालवा, थांबा, लेव्हल बघा, मग थोडं थोडं वाढवा. जास्त झालेलं ऑइल फेसाळतं आणि ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं.

कधी बदलायचं? अनेक कम्यूटर गाड्यांना मॅन्युअल ६००० किलोमीटर सांगतं आणि मध्ये टॉप-अप. धूळ, ट्रॅफिक, जवळच्या फेऱ्या असतील तर ३००० ते ४००० ला बदललेलं बरं. गिअरच्या दातांखाली ऑइलमधले दाटपणा राखणारे घटक तुटत जातात. गिअर खडखडत पडायला लागले, न्यूट्रल सापडेना झालं, तर ऑइलचं आयुष्य संपत आल्याची खूण समजा.

ऑइलच्याच दिवशी चेन बघा. मेन स्टँडवर चाक फिरवून सगळ्यात ताणलेली जागा शोधा आणि मधोमध वर-खाली हलवा. बहुतेक लहान गाड्यांना २० ते ३० मिमी ढील हवी. एकाच ठिकाणी ताण आणि दुसरीकडे ढील असेल तर चेन-स्प्रॉकेटचा संच बदलण्याच्या जवळ आलाय. ताणताना एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. ओ-रिंगवाली चेन रॉकेलने पुसा, पेट्रोलने रबर फुगतं. नंतर ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब आतल्या बाजूने लावा, उघड्या चेनला दर ५०० किलोमीटरला, पावसात भिजली की त्याच दिवशी.

एअर फिल्टर स्पंजचा असेल तर धुऊन, वाळवून, थोडं ऑइल लावून पिळून बसवा. चिकट कागदाचा असेल तर हवा मारून साफ करू नका, तो बदलायचाच असतो. क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी फ्री प्ले ठेवा. अजिबात नसेल तर ऑइल कितीही चांगलं असो, प्लेटा जळतात.

काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका, कायद्याने तो घातक कचरा आहे. डब्यात भरून गॅरेजच्या ड्रममध्ये द्या. आणि नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी सुरीने कापा. असेच अखंड डबे गोळा करून त्यांत बनावट ऑइल भरलं जातं.