दाराच्या काचेवर चित्र काढताय? या चुका टाळा

आमचं नाशिकचं घर पश्चिममुखी. दाराच्या वरच्या भागात हातभर उंचीची काच आहे. एका दिवाळीच्या तोंडावर मी तिच्यावर बाहेरून पोस्टर कलरने द्राक्षांचा घड काढला. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या जुलैत पावसाची तिरकी झड आली आणि जांभळे ओघळ थेट उंबरठ्यावर. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, वाइन गळतेय की काय?"

चूक साधी होती. कागद रंग पितो, काच पीत नाही. काचेवर रंग नुसता चिकटून बसतो, म्हणून पाण्यात विरघळणारा पोस्टर कलर इथे कामाचा नाही. ग्लास कलर किंवा ॲक्रेलिक घ्या आणि शक्यतो आतल्या बाजूने रंगवा, म्हणजे पाऊस रंगापर्यंत पोहोचतच नाही.

दुसरी चूक पुसण्यातली. ओल्या फडक्याने काच चकाचक दिसते, पण दाराच्या काचेवर बोटांचा तेलकटपणा आणि स्वयंपाकघरातून आलेला फोडणीचा थर असतोच. भांड्यांच्या साबणाने धुवा, वाळवा, मग मेडिकलमधलं स्पिरिट कापसावर घेऊन पुसा. त्यानंतर काचेला बोट लावायचं नाही. माझ्या घडाची दोन पानं पावसाआधीच पापुद्र्यासारखी सुटली होती, नेमकी जिथे हात टेकवून काम केलं तिथली.

आता आतून रंगवण्यातली खरी गंमत. बाहेरून बघणाऱ्याला तुम्ही आधी लावलेला रंग पुढे दिसतो, म्हणजे क्रम उलटा. कागदावर आधी जमीन रंगवून वर आकृती काढतो; इथे आधी डोळे, ठिपके, रेषा, मग अंगाचा रंग आणि सगळ्यात शेवटी जमीन. वारली काढायची असेल तर पांढरी माणसं आधी, ती पूर्ण वाळल्यावर मागून गेरूचा रंग. मी उत्साहात गेरू आधी लावला. आतून तारपा वाजत होता, बाहेरून कोरी तपकिरी पाटी. अक्षरांचंही तेच. 'श्री' आतून सरळ लिहिलात तर पाहुण्यांना उलटा दिसेल. नक्षी पातळ ट्रेसिंग कागदावर काढा, तो बाहेरून, चित्र बाहेरच्या बाजूला करून चिकटवा आणि आतून उलटं दिसेल तसंच गिरवा.

अपारदर्शक ॲक्रेलिक असेल तर घरातल्यांना मात्र फक्त मागची जमीन दिसते. दोन्हीकडून चित्र हवं असेल तर पारदर्शक ग्लास कलरच घ्या. शिवाय ॲक्रेलिकच्या पातळ थरातून दुपारचं ऊन आलं की ब्रशचे सगळे फराटे उघडे पडतात. तिथे ब्रश ओढण्याऐवजी स्पंजचा तुकडा टिपत दोन-तीन पातळ हात द्या.

उभ्या काचेवर ग्लास कलर भरपूर ओतला की तो ओघळणारच. सुताराला सांगून लाकडी पट्ट्या काढता आल्या तर काच आडवी ठेवून रंगवा. मला तरी हाच पैसा वसूल वाटतो. ते जमत नसेल तर थेंब थेंब, वरून खाली. कोनने काढलेली काळी आउटलाइन रात्रभर वाळू द्या आणि तिला कुठेही फट ठेवू नका, नाहीतर हिरवा शेजारच्या पिवळ्यात शिरतो. बाटली खळखळ हलवू नका. बुडबुडे येतात आणि वाळल्यावर तसेच राहतात. आलेच, तर ओले असतानाच सुईने फोडा.

नाशिकच्या श्रावणी दमट हवेत हे काम काढूच नका, वर चिकटपणा राहतो. डिसेंबरच्या पहाटेही रंग घट्ट होऊन नीट पसरत नाही. ऊन वर आल्यावर बसा.

खरखरीत काच असेल तर गुळगुळीत बाजूच रंगवा. खरखरीत बाजूच्या खळग्यांत बसलेला रंग सहजी निघत नाही. गुळगुळीत काचेवर बिघडलं तर साबणाचं पाणी लावून नवीन ब्लेड तिरकं धरून खरवडा. कोरडं ब्लेड फिरवलं तर चित्र जाईल, पण ओरखडे राहतील.