या चुका टाळा: हॉर्मोनच्या डॉक्टरांना न सांगितलेल्या गोळ्या

"बाकी काही औषध चालू नाही." हॉर्मोनच्या ओपीडीत केसपेपर भरताना हे वाक्य मी दिवसातून कितीतरी वेळा ऐकते. माणूस खोटं बोलत नसतो. केसांची गोळी, पित्ताची गोळी, कुणीतरी ओळखीतल्याने दिलेली गुडघ्याची पुडी यांना तो औषध समजतच नाही. मी परळमध्ये संशोधन समन्वयक आहे. वेगळ्या वाटणाऱ्या केसेसची माहिती जमवून ती नीट लिहून काढणं हे माझं काम. त्यातल्या बऱ्याच केसेसचं कोडं सुटतं ते पिशवीच्या तळाशी सापडलेल्या पाकिटाने, आणि तोवर कर्जत-कसाऱ्याहून पहाटेच्या लोकलने उपाशीपोटी येऊन माणसाने तीनतीनदा रक्त दिलेलं असतं.

केसांची गोळी चालू ठेवून थायरॉइड तपासणं

तिशीतली मुलगी. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन, जवळजवळ शून्य; थायरॉइडचे स्वतःचे हॉर्मोन टी३ आणि टी४ दोन्ही वाढलेले. कागदावर थायरॉइड जोरात चालू आहे. समोर बसलेल्या मुलीला मात्र ना धडधड, ना हाताला कंप, वजनही तसूभर कमी झालेलं नाही. केस गळतात म्हणून ती चार महिने बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी घेत होती. शरीराला बायोटिन लागतं दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ही गोळी गरजेच्या ३०० पटींहून जास्त.

लॅबमधली अनेक यंत्रं हॉर्मोन मोजताना बायोटिन आणि त्याला चिकटणारं स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन यांच्या घट्ट जोडीचा उपयोग करतात. रक्तातच बायोटिनचा पूर आला की यंत्रातल्या त्या जागा आधीच अडतात आणि मोजमाप चुकतं. टीएसएच खोटा कमी येतो, टी३-टी४ खोटे जास्त. थायरॉइड जोरात चालवणाऱ्या ग्रेव्हज आजाराची अँटिबॉडी तपासणीही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. चित्र इतकं हुबेहूब जमतं की निरोगी थायरॉइडवर कार्बिमाझोल हे थायरॉइड दाबणारं औषध सुरू होण्याची भीती असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला, तेव्हा हार्ट अटॅकसाठीच्या ट्रोपोनिन तपासणीचाही उल्लेख होता. तोही खोटा कमी येऊ शकतो.

रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते विचारून घ्या. मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावरही ते नाव शोधा. लॅबमधल्या मुलाने विचारलं नाही, तरी आपण सांगावं.

याच्याच जोडीला पित्ताची गोळी. पँटोप्राझोलबरोबर डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असलेल्या कॅप्सूल आपल्याकडे घरोघरी असतात, आणि ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हॉर्मोन, वाढवतात. पाळी चुकते, छातीतून दूध येतं आणि घाबरलेलं कुटुंब थेट मेंदूचा एमआरआय करायला निघतं. आधी डॉक्टरांना विचारून ती कॅप्सूल तीन दिवस थांबवा, मग प्रोलॅक्टिन पुन्हा तपासा.

पुडी अचानक बंद करणं

इथे मला जास्त थांबायचं आहे, कारण ही चूक जिवावर बेतते.

सांधेदुखी, दमा किंवा त्वचेच्या आजारावर मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. गजकर्णावर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ट्यूबमध्येही अनेकदा जोरदार स्टेरॉइड असतं. आराम झटपट पडतो, म्हणून विश्वास बसतो. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय बारीक राहतात, पोटावर जांभळट रेघा उमटतात. शुगर वाढते, त्यातही दुपारनंतरची. घरच्यांना वाटतं, तब्येत सुधारली.

अशा माणसाचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं की ते बहुतेकदा खूप कमी निघतं. दिसायला स्टेरॉइड भरपूर आणि रक्तात कॉर्टिसॉल नाही, ही विसंगतीच खरं उत्तर असते. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर शरीराने स्वतःचा कारखाना बंद ठेवलेला असतो, आणि बाहेरचं स्टेरॉइड बऱ्याचदा त्या तपासणीत मोजलंच जात नाही.

मग कुणीतरी रागावतं, "फेकून दे ती पुडी." माणूस फेकतो. कारखाना लगेच सुरू होत नाही, त्याला महिने लागतात. प्रचंड थकवा, उलट्या, बीपी आणि शुगर घसरणं, आणि एखादा ताप आला तर थेट आयसीयू. एका आजींच्या लेकाला डॉक्टरांनी हे समजावताना मी स्वतः पाहिलंय की पुडी वाईट आहे हे खरं, पण ती बंद कशी करायची हे डॉक्टर ठरवतील. त्याचा चेहरा अजून आठवतो, त्याने आईच्या भल्यासाठीच ती बंद केली होती. पुडी फेकू नका. घेऊन या. आणलीत म्हणून कुणी ओरडलं तर ते ओरडणाऱ्याचं चुकतं.

टीबीचं औषध चालू असेल तेही सांगा. टीबीने कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी खराब होऊ शकतात, आणि टीबीवरच्या रिफाम्पिसिनमुळे कॉर्टिसॉल शरीरात लवकर संपतं.

नसांच्या गोळीकडे दुर्लक्ष

कधीही इन्सुलिन न घेतलेल्या माणसाची शुगर जेवणानंतर काही तासांनी धाडकन खाली येते, आणि रक्तात इन्सुलिन अफाट निघतं. स्वादुपिंडात गाठ असेल म्हणून स्कॅनवर स्कॅन होतात. यातल्या काहींना हिराटा यांनी १९७० मध्ये जपानमध्ये वर्णन केलेला आजार असतो. शरीर इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. या अँटिबॉडी जेवणानंतर इन्सुलिन धरून ठेवतात आणि अवेळी सोडतात. जनुकीय ठेवण असलेल्या माणसात काही औषधं याला निमित्त होतात. त्यात कार्बिमाझोलच्या कुळातली औषधं आहेत, आणि अल्फा लिपोइक अ‍ॅसिडही आहे. पायांना मुंग्या येतात म्हणून आपल्याकडे मिथाइलकोबालामिनबरोबर (बी१२ चा एक प्रकार) देतात तेच हे. बहुसंख्य लोकांना त्याने असं काही होत नाही, त्यामुळे घाबरून गोळी सोडू नका. शुगर विनाकारण उतरत असेल तर मात्र त्या पाकिटाचा फोटो डॉक्टरांना दाखवा. गोळी थांबवल्यावर काही महिन्यांत बहुतेक जण बरे होतात, ऑपरेशन टळतं.

तीन महिन्यांच्या शुगरवर डोळे मिटून विश्वास

तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी तपासणी लाल पेशींवर होते आणि पेशी जगते सुमारे १२० दिवस. लोहाची कमतरता असेल तर आकडा खोटा वाढतो. रक्तस्राव झाला असेल, नुकतं रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर खोटा उतरतो. थॅलेसेमिया मायनर या आईवडिलांकडून येणाऱ्या, रक्ताच्या सौम्य दोषातही तो दगा देऊ शकतो. मुंबईत सिंधी, लोहाणा, कच्छी घरांमध्ये हा दोष जास्त आढळतो, म्हणून तिथे हे विशेष लक्षात ठेवायला हवं. ग्लुकोमीटर आणि एचबीए१सी यांचं पटत नसेल तर हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत न्या. आणि मीटरवर बोट टोचण्याआधी हात धुवा. हापूस सोलून तसंच टोचलं तर आकडा आंब्याचा येतो.

शेवटची गोष्ट गोळ्यांची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४०, आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं, त्या ताकदीची सिरिंज केशरी टोपीची. पेन बिघडलं म्हणून त्याच्या कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर शरीरात ५० युनिट जातात. उलट केलं, ४० ची बाटली आणि केशरी टोपी, तर २० ऐवजी फक्त ८. शुगर का वाढतेय हे मग आठवडाभर कळत नाही. बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग मेडिकलच्या काउंटरवर उभं असतानाच जुळवून बघा.