रात्रभर लॅपटॉप तापवण्यापेक्षा व्हीएम लावा

कोपरखैरणेच्या रूमवर मे महिन्यात लॅपटॉपखाली स्टीलचं ताट ठेवून मी रात्रभर सिम्युलेशन चालवायचो, बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे एकदा पहाटे लाईट गेली आणि नऊ तासांचा रन पाण्यात. तेव्हापासून व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, सॉफ्टवेअरने बनवलेला कॉम्प्युटरच्या आतला कॉम्प्युटर, घरच्या लॅपटॉपवर किंवा भाड्याच्या मशीनवर. पीएचडीवाल्या ज्युनियर्सना तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे घरच्या लॅपटॉपवर व्हीएम टाकून कोड फास्ट होत नाही, उलट जरा स्लोच होतो, कारण रॅम तीच आणि वाटेकरी दोन. फायदा वेगळाय. लायब्ररीची जी व्हर्जन्स आज आहेत ती तशीच गोठवून ठेवता येतात, आणि दीड वर्षाने रिव्ह्यूअर म्हणाला फिगर ३ परत काढा, तर निघते.

तर आधी घरीच रंगीत तालीम करा. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशन ऑन करा (इंटेलला व्हीटी-एक्स, एएमडीला एसव्हीएम असं काहीतरी दिसेल), मग व्हर्च्युअलबॉक्स (व्हीएम बनवायचं सॉफ्टवेअर), त्यात उबुंटू लिनक्सची एलटीएस, म्हणजे जास्त वर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती, २२.०४ किंवा २४.०४. एम चिपवाला मॅक असेल तर आर्म प्रोसेसरची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाईल) घ्या, नेहमीची चालणार नाही. १६ जीबी रॅममधली ८ द्या, प्रोसेसरचे कोअर निम्मे, डिस्क डायनॅमिक (लागेल तशी वाढणारी) ५० जीबी. सगळं इन्स्टॉल झालं, कोड एकदा छोट्या डेटावर चालला की लगेच स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जशीच्या तशी नोंद) घ्या. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही हां, तो त्याच हार्डडिस्कवर बसलेला असतो, डिस्क गेली की दोघं एकदम गेले. जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) लागणार असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये वेळ घालवू नका, कुडा (एनव्हिडियाच्या कार्डवर गणित चालवायची सोय) तिथे मिळत नाही.

तालीम जमली की मोठा रन क्लाउडवर, म्हणजे नेटवरून भाड्याने घेतलेल्या मशीनवर. एडब्ल्यूएसचा (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा) मुंबई रीजन २०१६ पासून आहे, पण रात्रभर चालणाऱ्या जॉबला मशीन मुंबईत असलं काय आणि बाहेर असलं काय, स्पीडमध्ये काडीचा फरक पडत नाही, दर बघा. अपवाद फक्त पेशंटचा किंवा सर्व्हेचा डेटा, तिथे एथिक्सच्या कागदावर डेटा कुठे ठेवणार म्हणून काय लिहून दिलंय ते आधी वाचा आणि गाईडना विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, टीमक्स (tmux), नेट तुटलं तरी जॉब चालू ठेवणारा प्रोग्राम. एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनलमधून जायची कमांड) लॉगिन करून थेट पायथन सुरू केलंत आणि नेट तुटलं तर बहुतेक वेळा जॉबही मरतो. मी ठाण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये हॉटस्पॉटवर जॉब लावला होता, रबाळे गेलं, नेटवर्क गेलं, जॉब गेला. म्हणून लॉगिन झालं की आधी टीमक्स टाईप करून एंटर, मग आत जॉब लावायचा, मग कंट्रोल-बी दाबून सोडायचं आणि नुसतं डी. बाहेर आलात, लॅपटॉप मिटा, उतरून वडापाव खा, जॉब तिकडे चालूच. परत लॉगिन करून टीमक्स अटॅच (tmux attach) म्हणायचं, स्क्रीन जशीच्या तशी समोर. आणि कोडमध्येच दर तासाला चेकपॉइंट सेव्ह करा, म्हणजे तिथपर्यंतचं काम, जिथून पुढे सुरू करता येईल, स्वस्तातलं स्पॉट मशीन (कंपनीचं रिकामं पडलेलं) घेतलं असेल तर हे मस्टच, कारण ते मधेच काढून घेतात, एडब्ल्यूएसवर जेमतेम २ मिनिटांची नोटीस मिळते.

रिझल्ट आरसिंकने (rsync, फाईल्स कॉपी करायची कमांड) घरी आणा. मधे तुटलं तर परत तीच कमांड द्या, आलेल्या फाईल्स परत ओढत नाही. पिप फ्रीझचा (pip freeze) आउटपुट, म्हणजे पायथन लायब्ररींची व्हर्जनसकट यादी, आणि रँडम सीड (रँडम आकडे परत तेच यावेत म्हणून दिलेला नंबर) पण त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

मग मशीन बंद करा, आणि इथेच सगळे फसतात. मी गणपतीला गावी गेलो आणि मशीन पाच दिवस चालू, बिल बघून आरतीत लक्षच नाही. नुसतं स्टॉप केलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं, पूर्ण काम संपलं असेल तर डिस्क पण डिलीट करायची. अझूरवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) तर मशीनच्या आतून शटडाऊन मारून बिल थांबत नाही, पोर्टलवरून स्टॉप करून डीअलोकेटेड असं दिसलं पाहिजे. बजेट अलर्ट मशीन बनवायच्या आधी लावा, पण नुसता अलर्ट लावलात तर तो फक्त मेल पाठवतो, मशीन तुम्हालाच बंद करावं लागतं.