हॉलमध्ये किती माणसं घ्यायची ते कसं काढायचं (हॉल, मंडप, यात्रा)

साताऱ्यात काय सांगलीत काय, लग्नसराईत कार्यालय बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती माणसं बसतील? आणि मालक सांगतो सातशे-आठशे आरामात. हा आकडा कुठून आला ते कुणी विचारत नाही. खरं तर एक टेप आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर तो आपला आपण काढता येतो आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यकर्त्याला तो काढता यायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आधी जागा मोजा. समजा हॉल ६० बाय ४० फूट, म्हणजे २४०० चौरस फूट. त्यातनं स्टेज, साउंडवाल्याचं सामान, जेवणाचे काउंटर असं सगळं मिळून ४०० फूट वजा करा, राहिले २०००, म्हणजे साधारण १८६ चौरस मीटर (१ चौरस मीटरला १०.७६ चौरस फूट). नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे (इमारतींसाठीची देशपातळीवरची नियमावली) खुर्च्या मांडून कार्यक्रम असेल तर माणशी ०.६ चौरस मीटर धरतात आणि जेवणाची पंगत असेल तर १.५. म्हणजे त्याच हॉलमध्ये खुर्च्यांवर ३१० माणसं आणि पंगतीला १२४. सातशे कुठं आणि हे कुठं!

पण एवढ्यावर थांबू नका, बहुतेक जण इथंच थांबतात. खरा आकडा दारं ठरवतात. त्याच कोडप्रमाणे सपाटीवरच्या दाराला माणशी ६.५ मिलिमीटर रुंदी लागते आणि जिन्याला १०. आपल्या हॉलचं मोठं दार १५०० मिलिमीटर, म्हणजे २३० माणसं, मागचं ९०० चं, म्हणजे १३८. दोन्ही मिळून ३६८, म्हणजे ३१० ला पुरतात. आता मोठ्या दाराजवळ जाऊन खाली वाका आणि बघा, एका फळीची कडी फरशीत ठोकून बसवलेली असते, कधी गंजून हलतही नाही, आणि तिच्यापुढं चपलांचा ढीग. म्हणजे रुंदी निम्मी, ७५० मिलिमीटर, माणसं ११५. मागच्या दाराला आचाऱ्यानं पातेली लावली असतील किंवा ते दार भटारखान्यातनंच जात असेल तर ते मोजायचंच नाही. मग त्या अख्ख्या हॉलची लिमिट ११५, मालक काहीही म्हणू दे. हॉल वरच्या मजल्यावर असेल आणि जिना एकच, १२०० मिलिमीटरचा, तर १२० च्या वर एकही माणूस वर घेऊ नका. जागेचा आकडा आणि दारांचा आकडा, दोन्हीतला जो लहान तोच धरायचा. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत आणि दोन बाजूंना हवीत, एकमेकांना चिकटून असलेली दोन दारं म्हणजे एकच समजा. फायर एनओसीत (अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्यात) किंवा पोलीस परवानगीत याहून कमी आकडा असेल तर तोच पाळायचा.

उघड्यावर भिंती नसतात म्हणून लोक निर्धास्त असतात. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेत अडीचशेच्या वर माणसं गेली, ती उघड्या डोंगरावरच. चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, वरून दुकानांना आग. म्हणून यात्रेत आणि मिरवणुकीत मैदान किती मोठं हे बघत बसू नका, सगळ्यात अरुंद जागा शोधा आणि तिथली रुंदी मोजा, दुकानं मांडल्यावर उरते ती. जमिनीवर खडूनं एक मीटरचा चौकोन आखून बघा: चार माणसं उभी राहिली तर हलता येतं, पाच झाली की अवघड होतं, सहा-सातच्या पुढं माणूस आपल्या पायानं चालत नाही, गर्दी त्याला नेते. तिथं पडलेल्याला उचलायलाही वाकता येत नाही. एक कार्यकर्ता उंचावर उभा करा, चौकोनात चार दिसले की त्यानं मागच्या गेटला फोन करायचा, आणि अडवायचं ते मागं, मोकळ्या जागेत. पुढं दोरी लावून अडवलं तर मागचे रेटतच राहतात.

हॉलच्या दारात मोजणीचं क्लिकर घेऊन एक जण आत येणारे मोजेल, दुसरा बाहेर जाणारे, लहान पोरंसुद्धा धरून. लिमिट ३१० असेल तर २८० लाच गेटवर थांबवायला लागा, कारण पाव्हण्यांची गाडी आली की एकदम तीस माणसं उतरतात.